भिंतीवरच्या रजया

जयपूरला बदलून आल्यापासून मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीआधीचा अभंग माझाच. शास्त्रीनगरच्या त्या हॉलमध्ये खाली संगमरवर, भिंतींना टाइल्स, वर हे उंच छत. मंडळी जमून गप्पा सुरू झाल्या की शेजारचीचंही बोलणं कळेना. मी तरी काय करणार? "भैया, आवाज बढाओ," असं दरवर्षी माइकवाल्याला ओरडून सांगायचे. मग लोक त्याच्याही वर ओरडायचे.

यंदा ती आली. फौजी अधिकाऱ्याची बायको, कोल्हापूरची. आल्या आल्या बैठकीत म्हणाली, "माइकचा आवाज कमी करा की! आवाज भिंतीवर आपटून माघारी येतोय, दुसरं काय? घरोघरच्या रजया आणा, टांगूया." जयपुरात रजयांना काय तोटा! सगळ्या बायका लगेच माना डोलवायला लागल्या. इतकी वर्षं घसा फोडला मी, आणि कौतुक हिचं! आयत्या बिळावर नागोबा.

"जळतेयस वाटतं?" घरी नवऱ्याने हसत विचारलं.

"हो, जळतेय! मग?"

नवी सांगानेरी छापाची रजई मी पेटीतच ठेवली आणि कापसाचे गोळे झालेली जुनी नेऊन तिच्या हातात दिली. तिने ती चाचपली. "वहिनी, एवढी जाडजूड कुणीच आणली नाही बघा! ही मधोमध लावूया." म्हणजे तिथेही जिंकली तीच.

गणपतीच्या दिवशी मी गायला उभी राहिले. पहिली ओळ म्हटली आणि दचकलेच. आवाज गेला तो माघारी आलाच नाही. गप्पा आपोआप थांबल्या. पुढच्याच रांगेत माझी लेक होती. ती इथेच वाढलेली, मराठी अडखळत बोलणारी. एरवी माझं गाणं होईतो मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसायची, आज एकटक माझ्याकडे बघत होती. अभंग संपला तेव्हा तिचे डोळे भरले होते. ती उठून धावत आली. मी हात पसरले.

ती मला ओलांडून मागे उभ्या असलेल्या त्या कोल्हापूरवालीच्या गळ्यात पडली. "काकू, थँक यू! आई काय गाते ना, मतलब, सगळे शब्द मला आज पहिल्यांदा समजले!"

पसरलेले हात मी तसेच खाली नेले आणि आरतीचं तबक उचललं.

"चला, आरती," मी म्हणाले. आवाज कापत होता, आणि तोही सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेला.