उलट्या पिळाची तार

माझा दादा शर्यतीच्या मोटारसायकलींची इंजिनं बांधतो. रस्त्यावरच्या गाड्यांची नव्हे. माती, खडक आणि चढउतारांवरून उड्या मारत जातात, त्यांची. साध्या गाडीचं इंजिन वर्षानुवर्षं तक्रार न करता चालतं. या गाड्यांचं तसं नाही. हलक्या आणि ताकदवान हव्यात म्हणून आतला प्रत्येक भाग मोजकाच ठेवलेला, त्यात दिवसभर धूळ गिळायची. एक हंगाम झाला की पिस्टन, रिंगा, कधी व्हॉल्व्हसुद्धा बदलायला येतात. मग सगळं खोलायचं, धुवायचं आणि नव्याने बांधायचं.

त्याचा गाळा खाली, वर दोन खोल्या. वहिनी गेली त्याच सुमारास माझंही घर रिकामं झालं, म्हणून मी इथे आले. एकटी माणसं दोन होती, ती एका छपराखाली आली, इतकंच. जेवताना तो बोलत नाही. बोलतो ते गाळ्यात, समोर खोललेल्या इंजिनाशी. मी चहा घेऊन जिना उतरले की कानावर येतं, "हा कायम क्लचवर बोट ठेवून चालवतो, भित्रा आहे." नाहीतर, "याने फिल्टर धुतलेलाच नाही. याच्या घरची मोरी बघायला नको." स्वतःच बोलतो, स्वतःच हसतो. ज्यांच्याबद्दल बोलतो त्यांतल्या निम्म्यांना त्याने पाहिलेलंही नसतं.

एकाला मात्र पाहिलेलं होतं. त्याचा मुलगा, माझा भाचा. डावखुरा, म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. बाप इंजिन बांधायचा, लेक पळवायचा. एका अंतिम शर्यतीत गाड्या रेषेवर घरघरत उभ्या होत्या. दादाने वाकून कान दिला आणि सगळ्यांदेखत डावऱ्याच्या गाडीचा प्लग काढून खिशात घातला.

"पिस्टनच्या दांड्याचं बेअरिंग गेलंय. उडी मारताना इंजिन जाम होईल."

"बाबा, काही झालेलं नाही. मी सकाळपासून चालवतोय."

"माझा कान तुझ्यापेक्षा जुना आहे."

आजूबाजूचे हसले. डावऱ्याने गाडी ढकलत बाहेर आणली आणि त्याच आठवड्यात घर सोडलं. दुसऱ्या गावी राहून शर्यती पळत राहिला. मला अधूनमधून फोन करायचा, "आत्या, बरा आहे." दादाचं नाव काढलं की ठेवून द्यायचा. दादाकडे त्याचा नंबर होता. त्याने तो कधी लावला नाही.

गेल्या हंगामाच्या शेवटी सुट्या भागांचा दुकानदार एक इंजिन घेऊन आला. दुपारची वेळ, मी तिथेच कपबश्या गोळा करत होते.

"मिस्त्री, हे बाहेरगावचं. पूर्ण बांधायचंय."

"कोणाचं?"

"नाव विचारू नका म्हणाला. काम चोख पाहिजे."

"लग्नाचं स्थळ आहे का, नाव लपवायला?"

दुकानदार हसत निघून गेला. दादाने इंजिन उलटं केलं. तेल काढायचा बोल्ट हादऱ्यांनी सुटू नये म्हणून शर्यतीच्या गाड्यांत तो तारेला पीळ देऊन बांधतात. दादाचा पक्कडीचा हात तारेपाशी थांबला, तो थांबूनच राहिला.

"काय झालं रे?"

"पीळ बघ. उलटा आहे." तारेवरून बोट फिरवत म्हणाला, "डाव्या हाताने पक्कड फिरवली की असा बसतो. त्याला किती वेळा ओरडलो असेन यावरून."

पुढचे काही दिवस त्याने दुसरं काम घेतलं नाही. सिलिंडरवरून नख फिरवून बघायचा, व्हॉल्व्ह उजेडात धरायचा. बोलणं बंद. "घाबरत नाही अजून," एवढंच एकदा पुटपुटला.

मी म्हटलं, "आता तरी फोन कर. त्यानेच पाऊल टाकलंय."

"काय सांगू?"

"सांग, इंजिन बांधतोय म्हणून."

त्याने कपाटातून एक डबा काढला. आत तेलकट फडक्यात गुंडाळलेला दांडा, त्याचं बेअरिंग आणि पिन. "त्या दिवशीचं आहे. तो गेल्यावर खोललं." पिन त्याने माझ्या तळहातावर ठेवली. गुळगुळीत, एक ओरखडा नाही. "बेअरिंगला काहीच झालं नव्हतं. इंजिनाला दगड लागू नये म्हणून खाली पत्रा असतो, त्याचा बोल्ट सैल होता, तो पत्रा वाजत होता."

मला आधी राग आला. "आणि इतकी वर्षं गप्प बसलास?"

"रोज वाटायचं, आज सांगू."

"वहिनी असती ना, तर तुलाच या डब्यात घालून पाठवलं असतं."

"मावलो नसतो," तो म्हणाला. पण हसला नाही.

या धंद्यात एक रीत आहे. इंजिनातून काढलेले झिजके भाग पिशवीत भरून गिऱ्हाइकाला परत द्यायचे, म्हणजे काय बदललं ते त्याला दिसतं. दादाने डावऱ्याचा जुना पिस्टन भरला, रिंगा भरल्या. मग तो दांडा बेअरिंग आणि पिनेसकट वर ठेवला. दांड्यावर डावऱ्याने स्वतः कोरलेली खूण होती, त्यामुळे ओळखण्यात चूक होणार नव्हती. चिठ्ठी घाल म्हटलं, तर मान हलवली. दुकानदार इंजिन घेऊन गेला. मी देवाकडे सहसा काही मागत नाही, सकाळी हात जोडते आणि कामाला लागते. त्या दिवशी मागितलं.

बरेच दिवस काही आलं नाही. दादा जेवायचा कमी आणि फोनकडे बघायचा जास्त. मग एका संध्याकाळी गाळा आवरत असताना फोन वाजला. हात तेलकट असतात म्हणून तो फोन नेहमी स्पीकरवर लावतो. पलीकडून आधी माणूस बोललाच नाही. इंजिन बोललं, एका लयीत, न अडखळता.

"ऐकलंत?" डावऱ्याचा आवाज. "कसं वाटतंय?"

दादाने चष्मा काढून बाकावर ठेवला. "मला इथून नाही कळत. तू चालवतोस, तू सांग."

पलीकडे इंजिन बंद झालं.

"चांगलं आहे." मग, "तो दांडापण चांगला होता."

"हो. चांगलाच होता."

"मी तेव्हाच सांगत होतो, बाबा."

"सांगत होतास. मी ऐकलं नाही."

पण फोन कोणी ठेवला नाही. मी पाय न वाजवता जिना चढले, दोन ताटं वाढली आणि वाट बघितली. खालून बोलण्याचा आवाज येत होता, मध्येच थांबत, मध्येच पुन्हा सुरू होत. दादाचं ताट मी झाकून ठेवलं आणि एकटीच जेवायला बसले. एकटीने जेवणं मला नवं नाही. त्या दिवशी मात्र घास गोड लागला.