सुलक्षणाबाईंचं सायकल लायसन

चारकोपच्या त्या सोसायटीत सायकलला लायसन लागायचं, आणि हा कायदा सेक्रेटरी सुलक्षणाबाईंचाच. ऐन चतुर्थीला उलट्या बाजूने आलेल्या सायकलने त्यांच्या हातातलं मोदकांचं ताट उडवलं, तेव्हा मीटिंगमध्ये त्यांनी ठणकावलं होतं, की सायकलवाला काही रस्त्याचा जावई नव्हे. तेव्हापासून गेटबाहेर सायकल न्यायची तर आधी सेक्टरला फेरी मारून परीक्षा. डावी बाजू धरायची, सिग्नल पाळायचा, आणि वळायचं नसताना हँडलवरून हात सुटला की नापास. पुन्हा गेटपासून अख्खी फेरी. कॉलेजातल्या अबोलीला त्यांनी एकाच संध्याकाळी दोनदा पिदडलं होतं.

आता साठीला टेकलेल्या बाई स्वतःच सायकल शिकल्या. उद्या सोसायटीतल्या बायका सायकलींवरून मार्वे जेट्टीला आणि तिथून बोटीने मनोरीला निघणार होत्या. जन्मभर रिक्षात मागे बसलेल्या बाईंना तिथवर स्वतः पायडल मारत जायचं होतं. पण लायसन? परीक्षक म्हणून अबोली सायकल घेऊन मागे हजर.

"काकू, ओळख बाजूला हां," ती गोड हसली.

बाई निघाल्या. ओढणी कमरेला, छातीत ढोलताशा. लाल सिग्नलला पट्ट्यामागे थांबल्या. मागचा रिक्षावाला हॉर्न बडवत राहिला, बाई ढिम्म. सिग्नल सुटला. सायकल झकास पळू लागली. तेवढ्यात कोपऱ्यावरचं गणपतीचं देऊळ आलं आणि सवयीने उजवा हात उठला, कपाळाला लागला, छातीला लागला. सायकल डुलली. रिक्षाने करकचून ब्रेक मारला.

"मावशी, वळताय की आशीर्वाद देताय?"

अबोलीने हसू दाबलं. देवासाठी सुटलेला हात, तो कशाला मोजायचा, म्हणाली. बाईंच्या डोळ्यांसमोर मनोरीची बोट उभी राहिली.

"मोदक उडवणाऱ्याकडेही कारण असेलच की गं. मी ऐकलं होतं का? नापास कर."

पुन्हा गेट, पुन्हा फेरी. गुडघे बोलायला लागलेले. देऊळ दिसताच बाईंनी हात दाखवून वेग कमी केला, सायकल डावीकडे घेतली, उतरल्या, स्टँड लावला, चप्पल काढून दोन्ही हात जोडले. मग ऐटीत पुन्हा बसल्या. मागे अबोलीच टाळ्या वाजवत होती, चालत्या सायकलवर दोन्ही हात सोडून.

गेटवर नवरा, चंद्रप्रकाश, ताटकळत उभा.

"गावला लायसन?" त्याने घरच्या मालवणीत विचारलं.

"गावला. उद्या जेवाण तुमीच रांधा, मी मनोरीक चललंय. आणि अबोली, तुझी परीक्षा परत. ये इकडे."