नाव घातलेली भांडी

माझी कादंबरी खूप खपली, त्यात माझ्या लेखणीइतकाच आमच्या भावकीतल्या लग्नांचा हात आहे. आमच्याकडे मानपानाला टॉवेल-टोपी देतात. कादंबरी आली त्या वर्षी एका चुलतभावाने मुलीच्या लग्नात टॉवेलाच्या घडीवर माझं पुस्तक ठेवून प्रत्येक पाहुण्याच्या हातात दिलं. आपल्याच घराण्याच्या तीन पिढ्यांची गोष्ट, चांगली जाडजूड, कव्हरवर हातमागाचं चित्र. आहेर म्हणून भारदस्त दिसायची. मग ती पद्धतच पडली. पुढे बाहेरच्या वाचकांनी उचलून धरली, आवृत्त्या निघाल्या, सत्कार झाले. भावकीत मात्र ती कुणी वाचली असेल असं मला कधी वाटलं नाही. ज्याच्या घरी जावं त्याच्या शोकेसमध्ये ती काचेआड उभी असायची, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट.

लेखकाला याचं वाईट वाटायला हवं. मला हायसं वाटायचं. घरातल्यांबद्दल मी त्या पुस्तकात बरंच काही लिहून ठेवलं होतं आणि ते प्लॅस्टिक होतं तोवर मला धोका नव्हता.

मग मुंबईहून फोन आला. कादंबरीवर सहा भागांची टीव्ही मालिका करायची होती. मी इतका खुश झालो की टीव्हीला प्लॅस्टिकचं वेष्टन नसतं हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले.

करारात मी सहलेखक होतो. सहलेखकाचं काम असं की आठवड्यातून तीनदा लॅपटॉपसमोर बसायचं, मुंबईतल्या पाच तरुण मंडळींनी काय ठरवलं ते ऐकायचं आणि त्यांनी "चालेल ना सर?" विचारलं की "चालेल" म्हणायचं. पाचशे पानांचे सहा तास करायचे होते. माझ्या आजोबांना बावीस मिनिटं मिळाली. दोन काकांचा मिळून एक काका केला आणि तो त्या दोघांपेक्षा बरा निघाला. बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत असायची. एकदा म्हणाली, "तुम्हाला कमी करून बघा म्हणावं, गोष्ट अजून आटोपशीर होईल."

एका प्रसंगाला मात्र कुणी हात लावला नाही. वाचक मला भेटले की त्याच प्रसंगाबद्दल बोलायचे. नायकाची बहीण सासर कायमचं सोडून भावाच्या दारात येते तो. पाऊस कोसळतोय, ती अनवाणी, रिकाम्या हाताने, हुंदके देत उंबऱ्याशी उभी. आणि भाऊ, म्हणजे घराण्याचा करारी कर्ता पुरुष, म्हणतो, "हे दार तुझ्यासाठी कधी बंद नव्हतंच." गुलाबाच्या फुलांच्या चित्रावर हे वाक्य मला स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर चार वेळा आलंय. दिग्दर्शिका, तिशीतली हुशार मुलगी, म्हणाली, "सर, तिसरा भाग इथेच संपवू. पावसाचं मशीन मागवलंय."

ती बहीण म्हणजे माझी सख्खी आत्या आणि तो भाऊ म्हणजे माझे वडील, भावकीचे अण्णा. वडील जाऊन बारा वर्षं झाली. आत्या पंचाहत्तरी ओलांडून जुळे सोलापुरात पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. ज्यांच्यावरून पात्रं घेतली त्यातले जे हयात आहेत त्यांची लेखी संमती कंपनीला हवी होती. म्हणजे आत्याची सही. ती आणायचं काम अर्थातच सहलेखकाचं.

स्कूटरवर जाताना मी वाक्यं जुळवत होतो. आत्या, ही कल्पित गोष्ट आहे. आत्या, नावं बदललीत. लोकांना तू फार आवडतेस.

तिने दार उघडलं, मला पंख्याखाली बसवलं, कडक भाकरी आणि दह्यात कालवलेली शेंगाचटणी पुढ्यात ठेवली. कागद दाखवला तसा तिने तो न वाचताच बाजूला सारला.

"पावसाचं हाय का ह्यात?"

"कुठल्या पावसाचं?"

"तू पाडलास त्या. मी सासर सोडून वळसंगाहून आले तवाचा."

मी हातातली भाकरी खाली ठेवली. "आत्या, तू वाचलंस?"

"मला कुटं दिसतंय एवढं बारीक. शेजारच्या भाभींनी वाचून दाखवलं. रोज दुपारी दहा-दहा पानं. सा वर्सं झाली त्याला."

शेजारच्या भाभी उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या दारातच होत्या, हातात कोथिंबिरीची जुडी. म्हणाल्या, "मैं तो रो पडी थी, भाईजान. तुमच्या आत्या मात्र हसायला लागल्या. बोलल्या, पढो, आगे पढो, बघू अजून काय काय लिवलंय बावळटाने."

सहा वर्षं आत्या माझ्या प्रत्येक सत्काराला पहिल्या रांगेत येऊन बसली होती.

"आत्या, रागावलीस?"

"नवऱ्यानं दुसरं घर केलं म्हनून आले, हे बरोबर लिवलंस. कुनी सांगितलं?"

"आईने."

"तिला तेवढंच म्हाईत व्हतं. ती व्हती कुटं तवा? तुला घेऊन टेंभुर्णीला, माहेरी. उन्हाळ्याची सुट्टी की रे. वैशाख. डांबर चपलेला चिकटत व्हतं आन् तू पाऊस पाडलास. वर माझी चप्पल पन काढून घेतलीस."

मी कागदाची घडी करायला लागलो. तिने माझं मनगट धरलं.

"ऐक. आयुष्यात एकदाच मी असं काय केलं. घाबरले न्हवते, रडले न्हवते. त्ये टीव्हीवर सगळ्या वळसंगाला उलटं दिसनार. म्हातारी झाली तरी तितं मला वळखनारी मान्सं हायेत. त्यानला वाटंल, रडत गेली व्हय ही?"

मग तिने खरं काय झालं ते सांगितलं.

लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव घालतात. कुणी दिलं, कुणाला दिलं, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. आत्याच्या लग्नात माझ्या वडिलांनी अकरा भांडी दिली होती, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा. त्या दिवशी सकाळी आत्याने सासरच्या मांडणीवरचं एकेक भांडं उतरवलं, उलटंसुलटं करून नाव वाचलं. भावाचं नाव असेल ते पोत्यात, बाकीचं घासून परत जागेवर. सासू बघत बसली होती. तिला काय वाटलं कोण जाणे, तिने एक चिमटा पुढे केला, हा तुझ्या माहेरचाच आहे म्हणाली.

"मग घेतलास?"

"चिमट्यावर कुटं नाव असतं? ठेवला तितंच."

पोतं घेऊन ती एसटीत बसली. कंडक्टरने पोत्याचंही तिकीट लावलं, त्यावरून ती त्याच्याशी कुंभारीपर्यंत भांडली. भर दुपारी आमच्या घरी पोचली, शेजारणीकडून किल्ली घेतली आणि अंगणात भांडी मोजत बसली. वडील जेवायला घरी आले. लांबून त्यांना वाटलं, बोहारीण बसलीय. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या त्या बायांचा त्यांना फार राग. हाकलायलाच पुढे आले. मग बहीण दिसली. त्यांनी वरचं पातेलं उचललं, आपलंच नाव वाचलं.

 भाभींनी कोथिंबीर निवडायची थांबवली.

"मग काय म्हणाले?"

"त्यो कशाला काय म्हनतोय. खाली बसला आन् रडला. पोरावानी. मीच पानी दिलं त्येला." मग म्हणाली, "त्ये दार-बिर काय बोलला न्हाय. 'जेवलीस का' म्हनला. मग आत नेऊन सगळी भांडी आपल्या हातानं मांडणीवर लावली. जल्मात कदी सैपाकघरात पाय न ठेवलेला मानूस. आन् मला म्हनला, मी रडलो हे कुनाला सांगू नको. तुजी आई गेली, तिला पन सांगितलं न्हाय मी."

माझे वडील रडू शकत होते, हे मला पन्नाशीनंतर कळत होतं. आणि पाचशे पानं मी त्यांच्या करारी जबड्यावर खर्च केली होती.

"सांगितलंस की आता," मी म्हणालो.

"तुला सांगितलं. टीव्हीला न्हाय. मला रडवायचं न्हाय आन् त्येला बी रडवायचं न्हाय. मग सही." तिने चटणीची वाटी माझ्याकडे सरकवली. "साकु." वळसंगात राहून तिच्या बोलण्यात आलेलं कानडी. साकु म्हणजे पुरे. त्यापुढे बोलणं नसतं.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपसमोर मी पहिल्यांदाच "चालणार नाही" म्हणालो. मुंबईच्या चौकटींमधली पाचही डोकी एकदम वर झाली. बायको कणीक मळता मळता दारात आली.

दिग्दर्शिकेला पोतं फार आवडलं. बोहारीण आवडली. पावसाचं मशीन सोडायला तिने दोन दिवस घेतले. पण एका गोष्टीवर अडून बसली. "सर, हा तिसऱ्या भागाचा शेवट आहे. कुणीतरी रडायला हवं. ती नाही तर तो रडू दे ना. इतका कडक माणूस रडला तर काय परिणाम होईल!"

परिणाम काय होईल ते मला चांगलं दिसत होतं. तेच खरं होतं, तेच सगळ्यात चांगलं होतं आणि नेमकं तेच मला देता येत नव्हतं. माझ्यातला लेखक म्हणत होता, हो म्हण, आत्या सहा वर्षं हसली, अजून एकदा हसेल. या लेखकाने तिची चप्पल काढून घेतली होती, हे लक्षात असल्याने मी त्याचं ऐकलं नाही.

"तो भांडी लावतो," मी म्हणालो. "एकेक उचलून मांडणीवर. कॅमेऱ्याकडे पाठ. फक्त 'जेवलीस का' विचारतो. तेही वळून न बघता."

"आणि चेहरा?"

"चेहरा दाखवायचा नाही."

तिने वहीत काहीतरी खोडलं. मग म्हणाली, "अकरा भांडी लावायला किती वेळ लागतो, सर?" तेव्हा मला कळलं की जमलं.

आत्याने सही केली. वर अकरातलं उरलेलं एक पातेलंही चित्रीकरणासाठी दिलं. कला विभागाच्या माणसाला बजावलं, चिंचेनं घासू नको, नाव पुसट होतं.

तिसरा भाग आम्ही तिच्याच फ्लॅटमध्ये पाहिला. आत्या खुर्चीत, शेजारी भाभी, खाली सतरंजीवर भावकी. काहींनी त्या दिवसापुरतं पुस्तकाचं प्लॅस्टिक काढलं होतं, पानं जुळवून बघायला. पडद्यावर पायात चपला घातलेली एक बाई पोतं फरफटत उन्हातून आली. लग्नात पुस्तक वाटणारा चुलतभाऊ माझ्याकडे वळून म्हणाला, "पुस्तकात पाऊस आहे की रे! टीव्हीवाल्यांनी वाट लावली तुझ्या कादंबरीची." मी मान हलवली. आत्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी ती पाठ आली. पांढरा सदरा, घामाने चिकटलेला. एक भांडं, दुसरं, तिसरं. 'जेवलीस का?' चौथं. पाचव्याला हात जरा जास्त वेळ मांडणीवर राहिला. 

"रडायलाय त्यो," आत्या म्हणाली.

"कोण? अण्णा?" चुलतभाऊ हसला. "अण्णा आणि रडणार? काहीतरीच, आत्या."

"तुला काय म्हाईत? मी तितं व्हते. पोरावानी रडला माजा भाऊ." आणि पदर डोळ्यांना लावून ती सगळ्यांसमोर रडली. भाभींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. चुलतभाऊ खाली सतरंजीकडे बघत बसला.

मंडळी गेल्यावर मी हळूच विचारलं, "आत्या, सांगायचं नव्हतं ना?"

"मी कुटं सांगितलं? पाठ दिसली, त्यावरनं म्हनले." तिने नाक पुसलं, चष्मा लावला. "पातेलं कवा आनून देनारेत ते?"