जिवाणी सोडणारी अध्यक्ष

समजा, दोरी तुमच्या हातात आहे. विहिरीतून पाणी ओढून तुम्ही ते दुहेरी कापडातून घागरीत गाळलं आहे. कापडावर काहीच दिसत नाही, तरी त्यावर बारीक जीव अडकले आहेत असं तुम्ही मानता. मग कापड उलटं धरायचं, गाळलेलं पाणी त्यावर हळू ओतायचं आणि खाली जमा होईल ते छोट्या बादलीतून पुन्हा त्याच विहिरीत पोचवायचं. वरून फेकायचं नाही. आपटून जीव मरतील. बादली पाण्याला टेकेपर्यंत वाकून राहायचं, मग ती अलगद कलंडू द्यायची. याला जिवाणी सोडणं म्हणतात. कमरेला रग लागते. कुणी बघत नसलं की वरूनच ओतावं असं रोज वाटतं.

तासगावजवळच्या आमच्या गावात, जैन बस्तीतल्या, म्हणजे मंदिरातल्या, अभिषेकाचं पाणी प्रभावतीअक्का असं गाळत. नवरा गेल्यावर त्यांनी हे काम अंगावर घेतलं, ते घरात सून आली तरी सोडलं नाही. कुणी मदतीला आलं की एवढंच सांगत, "घाई केली की जीव जातो."

गेल्या चातुर्मासात गावात मुक्कामाला असलेले मुनी महाराज प्रवचनात म्हणाले, "ज्याला वाकता येतं, त्यालाच पुढं बसवा." त्यांचा रोख कुणाकडं होता हे साऱ्यांना कळलं. दिवाळीनंतर बस्तीच्या कमिटीनं अक्कांना अध्यक्ष केलं. त्या खुर्चीवर आजवर बाई बसली नव्हती. विहिरीपाशी शिकलेलं आता गावाच्या कामी येईल, असं अक्कांना मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या दोरी घ्यायला गेल्या, तर उपाध्यक्ष धन्यकुमार आडवा आला. बेदाण्याचा व्यापारी, बोलायला गोड.

"अक्का, अध्यक्षांनीच दोरी ओढली तर आमी काय खुर्च्या ओढायच्या?"

"ओढा की. बसून बसून झिजल्यात त्या."

तिथं उभे असलेले सगळे हसले, धन्यकुमारही हसला. दोरी मात्र त्यानं दिली नाही. पाण्यासाठी पगारी माणूस ठेवला होता.

मग पहिली मीटिंग. मोठी पूजा ठरली होती आणि आवारात मंडपाला जागा कमी पडत होती. विहिरीवर स्लॅब टाकायचा, आत मोटर सोडायची, पाणी नळानं घ्यायचं, असा ठराव धन्यकुमारनं वाचला.

"मग जिवाणी कुठं सोडायची?" अक्कांनी विचारलं.

"नळाच्या पाण्याला कसली आली जिवाणी?"

"नळाला पाणी विहिरीतनंच येणार न्हवं?"

"आवं अक्का, महाराजांना नळाचं चालत न्हाई, तर ते आले की मळ्यातल्या विहिरीचं आणू पाणी. तुमीच सेवेचं सांगताय न्हवं? सेवा म्हंजे पंचांचं ऐकणं."

सगळ्यांचे हात वर गेले. ठरावाचा कागद सहीसाठी अक्कांपुढं आला. सांगितलेलं काम मान खाली घालून करणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पाय रोवून नाही म्हणायची वेळ त्या कामात कधी आलीच नव्हती. ठरावावर अध्यक्ष म्हणून त्यांनीच सही केली.

महिन्याभरात विहिरीवर स्लॅब टाकून झाला. पूजेच्या दिवशी अध्यक्षांची खुर्ची नेमकी त्यावरच मांडली होती. सांगलीहून आलेल्या पाहुण्यांनी भाषणात अक्कांचं उदाहरण दिलं. हलकं म्हणून जे काम लोक टाळतात, त्यातूनच समाजाचे नेते घडतात, म्हणाले. टाळ्या बराच वेळ वाजल्या. अक्का पायाखालच्या सिमेंटकडं बघत होत्या.

मंडप उतरवत होते तेव्हा त्यांनी धन्यकुमारला गाठलं. तो टेम्पोवाल्याशी बोलत होता. त्याचं बोलणं संपेपर्यंत त्या बाजूला थांबल्या.

"बोला की अक्का."

"येक इचारते, खरं सांग. मला निवडलं ते मी पाणी गाळलं म्हणून, का मी कवा कुणाला उलटं बोलले न्हाई म्हणून?"