सत्यवतीचा एक

नणंद येणार म्हटल्यावर मला वाटलं होतं, स्वयंपाकघरात एक हात वाढेल. एकोणीसशे अठ्ठावन्न साली सत्यवती निपाणीहून आमच्या बंगळूरच्या यशवंतपूरमधल्या घरी आली ती गणित ऑनर्स शिकायला, आणि तिचे दोन्ही हात कायम शाईनं बरबटलेले!

तिच्या कॉलेजातले शिवाप्पा सर उजव्या हातानं फळ्यावर लिहीत आणि डाव्यानं पुसत जात. मुलांनी मधल्या मध्ये उतरवून घ्यायचं. सत्यवतीचं मॅट्रिकपर्यंतचं गणित मराठीतलं. इंग्रजी आकडे तिला येत होते हो, पण घाई झाली की बोटं निपाणीला पळत आणि मराठी आकडे लिहून मोकळी होत. आपला एक दिसतो इंग्रजी नऊसारखा. पहिल्या चाचणीत सरांनी तिचे सगळे एक नऊ म्हणून वाचले आणि सरळ भोपळा दिला.

ती सांगायला गेली तर म्हणाले, "परीक्षेतही तू असंच समजावायला जाणार आहेस का? पुढच्या चाचणीत पास झाली नाहीस, तर ऑनर्स सोड आणि साधी बी.एस्सी. कर."

मला त्या माणसाचा असा संताप आला! आणि आमचे मुकुंदराव, तिचे सख्खे भाऊ, म्हणतात कसे, "साध्या बी.एस्सी.त काय वाईट आहे?"

"वाईट काही नाही, अण्णा. मला ती नकोय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्यावर जुलूम सुरू झाला. मी पोळ्या लाटता लाटता तोंडाला येतील ते आकडे मराठीत म्हणायचे आणि तिनं ते झरझर इंग्रजीत लिहायचे. मी जुनी बंगळूरकरीण, कानडी मिसळून कळवळून म्हणे, "स्वल्प थांब गं, पोळी करपतेय!"

"सर थांबत नाहीत वहिनी. तुम्हीही थांबू नका."

एक मराठी आकडा घुसला की अख्खं पान बंबात. आमचं आंघोळीचं पाणी कित्येक दिवस तिच्या चुकांवर तापलं.

"मग पाढेही इंग्रजीतच पाठ कर की," मी एकदा वैतागून म्हणाले.

"पाढे मराठीतच राहणार. माझा वेग तिथं आहे. हात तेवढा बदलायचाय."

हट्टी कार्टी! पण मला तिचा अभिमानही वाटायला लागला होता.

दुसऱ्या चाचणीचा निकाल लागला त्या दिवशी ती दारातूनच ओरडली, "वहिनी, मी शेवटची आले!"

मी कणकेच्या परातीवरून उठून धावले. "अगं, मग आता?"

"आता काय? चौदाच जण पास झाले. मी चौदावी!"

मी पिठाच्या हातांनीच तिला मिठी मारली आणि ढसाढसा रडले. मग पदर सारखा केला आणि कोपऱ्यावरून पेढे आणले.

संध्याकाळी मुकुंदराव कामावरून आले. माझे सुजलेले डोळे पाहून चपला न काढताच विचारू लागले, "काय झालं?"

"तुमची बहीण शेवटची आली," मी म्हणाले आणि त्यांच्या उघड्या तोंडात पेढा कोंबला.