बटण दाबलं की चालू

अमेरिकेतल्या डब्लिनच्या मराठी मंडळात शुभाकाकूंची ख्याती अशी, की त्यांच्या हातून वस्तू म्हणून सुटत नाही. नागपूरहून आणलेला मिक्सर त्यांच्याकडे अजून ट्रान्सफॉर्मरवर घरघरतो. मग घर गरम ठेवणारा बेसमेंटमधला फर्नेस म्हातारा झाला म्हणून लगेच नवा घ्यायचा, हे त्यांच्या पचनी कसं पडावं?

त्या हिवाळ्यात तो सारखा बंद पडायला लागला. काकूंच्या यजमानांनी, अनिलकाकांनी, त्यावर उपाय शोधला होता. आत एक छोटं बटण होतं, ते दाबलं की स्वारी पुन्हा सुरू. घर गार पडलं की काका स्वेटर चढवून खाली जात आणि लढाई जिंकल्याच्या थाटात वर येत.

"मेला नखरे करतो नुसते," काकू म्हणत.

हॉलमधला धुराचा आणि गॅसचा अलार्म तर केव्हाच कपाटात गेला होता. काकूंनी मिरचीची फोडणी दिली की तो घर डोक्यावर घ्यायचा.

पण आता त्यांची मुलगी इशिता प्लेनोहून तान्ह्या बाळाला घेऊन माहेरपणाला येणार होती. बाळ घरात असताना हीटिंग बंद पडून चालणार नव्हतं. एकदाची नीट दुरुस्ती करून घेऊ, म्हणून काकूंनी टेक्निशियनला बोलावलं.

ग्रेस नावाच्या त्या बाईंनी आत कॅमेरा घातला आणि चित्र दाखवलं. आतला पत्रा तडकला होता. तिथून विषारी गॅस घरात येऊ शकतो, त्याला वासही नसतो, हे दुरुस्त होणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, हा आपणहून बंद पडत नव्हता का?

काकांनी उत्साहाने बटणाची गंमत सांगितली. ग्रेस यांनी त्या बटणावर बोट ठेवलं. आग भलतीकडे गेली की तेच बटण फर्नेस बंद करतं, त्या म्हणाल्या. तुम्ही तो दर वेळी पुन्हा पेटवत होतात.

काकूंनी वर, हॉलच्या दिशेने पाहिलं. बाळाला ऊब लागावी म्हणून त्यांनी पाळणा मुद्दाम गरम हवेच्या जाळीपाशीच मांडला होता.

"अहो, तो नखरे नव्हता करत हो," त्या म्हणाल्या. "आपल्याला वाचवत होता. नवाच घ्या. आजच ऑर्डर करा."

संध्याकाळी भिंतीवर नवा अलार्म लागला. नवा फर्नेस बसेपर्यंत दोघे शेजाऱ्यांचा हीटर लावून शाली पांघरून बसले, आणि काकूंनी एकदाही कुरकुर केली नाही.

जुना फर्नेस न्यायला माणसं आली तेव्हा काकूंनी त्यांना "वन मिनिट" म्हणून दारात थांबवलं. गंजलेल्या पत्र्यावर हळदकुंकू वाहिलं.

"इतकी वर्षं ऊब दिलीस. माझ्या शिव्या खाल्ल्यास, तरी आम्हाला काही होऊ दिलं नाहीस. तुझे उपकार कसे फेडू रे बाबा?"

ती परकी माणसं टोप्या काढून उभी राहिली. काकांना हात जोडायला सांगावं लागलं नाही. ट्रक वळणाआड गेला तरी काका दारात तसेच उभे होते.