डाव्या डोळ्याचं सूत

सौदीतल्या यान्बूच्या आमच्या प्लांटमध्ये माझं काम म्हणजे रेषा जुळवणं. पंप आणि त्याला फिरवणारी मोटर, या दोघांचे शाफ्ट एका रेषेत आहेत का, हे डायल गेज लावून पाहायचं आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवायचं. बारा वर्षं मी हेच करतो आहे आणि खरं सांगायचं तर त्याचा मला थोडा गर्वही होता. म्हणूनच आमच्या सौदी मुदीरांनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, एका सकाळी चहा घेताना आपल्या जुन्या गाडीचं दुखणं सांगितलं, तेव्हा मी पटकन बोलून गेलो, "सर, अलाइनमेंटच ना? माझ्यावर सोडा."

गाडी जपानी, दोन सीटची, डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाची. तिचे हेडलाइट बोनेटमध्ये लपलेले असतात. बटण दाबलं की दोन झाकणं उचलली जातात आणि दिवे वर येतात. मुदीर पहिल्या दिवशी कामावर आले ते याच गाडीतून. आता चार आठवड्यांनी ते निवृत्त होणार होते आणि शेवटच्या दिवशीही त्यांना हीच गाडी घेऊन गेटातून आत यायचं होतं. पण मध्ये कधीतरी ती भिंतीला घासली होती. डावीकडचा पत्रा ठोकून घेतला होता, तो नीट बसला नव्हता. डावा दिवा उशिरा आणि वाकडा वर येत होता. त्यामुळे फहसमध्ये, म्हणजे सरकारी तपासणीत, गाडी नापास झाली होती. फहसचा कागद नसेल तर गेटवरचा शिपाई मुदीरांनाही आत सोडत नाही. तो नियम मुदीरांनीच एकेकाळी कडक करून घेतला होता.

"मुलं म्हणतात, विकून टाका," मुदीर म्हणाले. "मी म्हटलं, एकदा गेटातून नेतो, मग बोला."

सनाइयात, म्हणजे गावाच्या कडेच्या वर्कशॉपच्या वस्तीत, मला एक डेंटर, म्हणजे गाड्यांचा पत्रा ठोकून सरळ करणारे, माहीत होते. गुहागरकडचे, इथे येऊन तीस वर्षं झालेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. शुक्रवार त्यांच्या सुट्टीचा. तरी जुम्याच्या नमाजाआधीचे दोनतीन तास ते अर्धं शटर उघडून बसायला तयार झाले.

"पण एक हाय," ते म्हणाले. "हात मी सांगीन तसा चालवायचा. हापिसातली साहेबगिरी गेटावर ठेवून यायची."

पहिल्या शुक्रवारी मी डिजिटल कॅलिपर, फीलर गेज आणि एक वही घेऊन हजर झालो. चाचांनी माझी पेटी उघडून पाहिली.

"ह्या काय रे? गाडीची सोनोग्राफी करायची हाय काय?"

मग त्यांनी क्रम सांगितला. आधी दार. दार आपल्या जागी बसलं की त्याच्या मापाने मडगार्ड. मडगार्डच्या मापाने बोनेट. आणि दिव्यांची झाकणं सगळ्यात शेवटी. "नवरीला काजळ शेवटी घालतात. आधी घातलंस तर रडून सगळा फासणार."

त्यांच्याकडे माप म्हणून एक सागवानी पट्टी होती, बोटभर लांब, वापरून वापरून गुळगुळीत झालेली. ती दाराच्या फटीत घालून ते वरून खालपर्यंत फिरवत. अडकली तर फट कमी, लटपटली तर जास्त. "दीड सूत," ते म्हणाले. "चारी बाजूंना दीड सूत. बास."

सूत हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकत होतो. इंचाचे आठ भाग, त्यातला एक म्हणजे सूत. विट्याला आमच्या घरी हा शब्द दिवसातून शंभरदा कानावर पडायचा. माझे वडील, अण्णा, सुतार. मी मराठी शाळेत शिकलो आणि घरातला पहिला इंजिनिअर झालो. ज्या टेबलावर बसून झालो, ते अण्णांनी मशिनरीच्या खोक्यांच्या फळ्यांतून केलं होतं. खोक्याच्या फळ्या, पण ड्रॉवरच्या चारी बाजूंना फट अगदी सारखी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपच्या तोंडी परीक्षेत सरांनी तुकड्याची लांबी विचारली आणि मी सांगितलं, "दोन इंच तीन सूत." सर हसले आणि म्हणाले, "सुतारकामाला आलायस का?" सगळा वर्ग हसला. त्यांच्या मनात काही वाईट नसेल. पण त्या दिवसापासून मी मिलिमीटरचा झालो.

चाचांना मी यातलं काही बोललो नाही. वहीत लिहिलं, चार पूर्णांक आठ मिलिमीटर.

त्या दिवशी दार झालं, मडगार्डही झालं. बोनेटचे नटबोल्ट मी सैल केले आणि दिव्याची झाकणं वर आहेत हे विसरून बोनेट पुढे सरकवलं. कोपरा झाकणाला लागला. तिळाएवढा रंग उडाला. चाचांनी वाकून पाहिलं, अंगठ्याने पुसलं आणि म्हणाले, "तीट लागली. आता दृष्ट नाय लागणार." मुदीरांना मी फोन करून लगेच सांगितलं. ते म्हणाले, "मालेश, जाऊ दे. माझ्याही तोंडावर डाग आहेत."

दुसऱ्या शुक्रवारी बोनेट बसलं. आता राहिले दिवे. उजवा सरळ होता. डावा काही केल्या ऐकेना. झाकणाखाली वायसर घालून, काढून, मी ते पत्र्याशी अगदी सपाट करायचो. कॅलिपर सांगायचं, उत्तम. मग चाचा बटण दाबायचे. उजवा दिवा झटकन वर, डावा त्याच्यामागून आळसावत.

"बघ, डोळा मारते," चाचा म्हणायचे. "ह्या वयात."

दिवे खाली गेले की डावं झाकण पुन्हा एक सूत वर राहिलेलं. पुन्हा सपाट करायचं, पुन्हा वर-खाली, पुन्हा तेच. कधी बाहेरची कड वर, कधी आतली. मी वहीची चार पानं आकड्यांनी भरली. ते आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, आणि त्याचा अर्थ काय, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी मुदीर स्वतः आले. पांढराशुभ्र पायघोळ तोब, हातात गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजुराचा डबा. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनीच मला अरबी कॉफी प्यायला शिकवलं होतं. कप हलवला नाही तर वाढणारा वाढतच राहतो, हे माहीत नसल्याने मी पहिल्या दिवशी नऊ कप प्यायलो होतो. अजूनही ते मला पाहिलं की रिकामा कप हलवून दाखवतात. तसा दाखवला, खजूर दिले आणि एका टायरवर टेकून बसले. चेहरा हसरा होता, पण नजर पुन्हा पुन्हा डाव्या दिव्याकडे जात होती. हातात फक्त एक शुक्रवार उरला होता.

चाचांनी बटण दाबलं. दिवे वर गेले, खाली आले. चाचा खाली वाकले, पट्टी लावली आणि वैतागून ओरडले, "सूत! अजून सूत हाय! डाव्या बाजूला सूत!"

मुदीर ताडकन उठले. "सोत?"

"सूत, सूत," चाचा बोट दाखवत म्हणाले. "इथे."

"फेन सोत?" म्हणजे कुठे आहे, असं विचारत मुदीर गाडीजवळ आले. त्यांनी ओठांवर बोट ठेवून आम्हा दोघांना गप्प केलं, डोक्यावरचा गुत्रा मागे टाकला आणि चक्क डाव्या दिव्याला कान लावून उभे राहिले. मी चाचांकडे पाहिलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं.

"कान कशाला लावतायत?" मी कुजबुजलो.

"मला काय ठाऊक? सूत ऐकू येतंय काय कुणाला?"

मुदीरांनी हाताने खूण केली, यल्ला, चालू कर. मी बटण दाबलं. त्यांनी डोळे मिटले. पुन्हा खूण. पुन्हा दाबलं. मग ते उजव्या दिव्याकडे गेले, तिथे कान लावला, परत डाव्याकडे आले आणि एखाद्या डॉक्टरला रोग सापडावा तसं त्यांचं तोंड खुललं.

"सोत! उजवीकडे एक. डावीकडे दोन!"

चाचांनी कपाळावर हात मारला आणि खो खो हसत जमिनीवरच बसले. "अरे, अरबीत सोत म्हणजे आवाज! तीस वर्षं झाली मला हितं, नि माज्या ध्यानात नाय आला. मी सूत म्हणतोय, हा बिचारा आवाज शोधतोय!"

मीही हसत होतो, पण हसता हसता थांबलो. मी दिव्यापाशी जाऊन कान लावला. उजवा दिवा खाली बसताना 'टक्' असा एकच आवाज होता. डावा बसताना 'टक्' आणि मग अगदी बारीक दुसरा 'टक्'. मी झाकण बोटांत धरून हलवलं. हललं. किंचित, पण हललं.

आमच्या प्लांटमध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी पहिला नियम शिकवतो: जुळवायच्या आधी कुठे काही ढिलं नाही ना, ते बघा. ढिली वस्तू कितीही जुळवली तरी जुळत नाही. हे मी इतक्या जणांना, इतक्या ठासून सांगितलं आहे, आणि इथे मी दोन शुक्रवार एका ढिल्या वस्तूला मापत बसलो होतो.

दिवा उघडला. मोटरच्या दांड्याच्या टोकाला एक छोटा प्लास्टिकचा बुश, म्हणजे कडं, होता, तो झिजून लांबोडा झाला होता. दर वेळी दिवा वेगळ्या जागी टेकत होता. मुदीरांनी तो बुश तळहातावर घेतला. "हा कुठे मिळणार?"

कुठेच नाही. जपानहून मागवला तर महिना. चाचा म्हणाले, "नायलॉनचा जाड तुकडा आण. करू." मी घरी फोन केला. आमच्याकडे भाजी चिरायचा पांढरा जाड पाट होता, नायलॉनसारख्याच चिवट प्लास्टिकचा.

बायको शांतपणे ऐकून म्हणाली, "न्या की. आणि मी कोबी कशावर चिरू? तुमच्या मुदीरच्या बोनेटवर?"

मुदीरांनी अर्थ विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, "तिला सांग, चालेल. फक्त उजव्या बाजूला."

पाट आणला. चाचांनी गोल कापून ड्रिलवर धरून भोक पाडलं. बाहेरून घासायचं काम उरलं. त्यांचा चष्मा घरी राहिला होता. मी कानस हातात घेतली. पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची, घासत ओढायची नाही. तीनचार वेळा घासायचं, बोटाने चाचपायचं, पुन्हा घासायचं. मी कॅलिपर पेटीतून काढलंच नाही, हे मला नंतर कळलं.

चाचा हातावर हनुवटी टेकून बघत होते. "ही कानस कुणाकडं शिकलास?"

"वडिलांकडे. सुतार आहेत."

"सुतार?" ते उठूनच उभे राहिले. "आणि मग ते कॅलिपर घेऊन तीन शुक्रवार काय नाचतोयस? सुताराचा पोर नि सूत म्हणायला लाजतोस होय? अरे, आधी सांगायचं नाय!"

मी म्हटलं, "चुकलं, चाचा. पाव सूत अजून जास्त आहे. घालवू का?"

"घालव, घालव," ते म्हणाले आणि माझ्या पाठीत एक सणसणीत थाप मारली.

बुश बसला. झाकण मी शेवटचं जुळवलं, त्यांच्या सागवानी पट्टीने. बटण दाबायचा मान मुदीरांना दिला. दोन्ही दिवे एकदम वर आले. एकदम खाली बसले. 'टक्', एकच. मुदीरांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. सात-आठ वेळा. चाचांनी त्यांचा हात धरला, "बास रे दोस्ता, सदीक, बॅटरी मरंल!" तेवढ्यात मशिदीतून अजान झाली आणि ते दोघे हात धुवायला गेले, एकमेकांना 'सूत' आणि 'सोत' म्हणून दाखवत.

पुढच्या बुधवारी गाडी फहसमध्ये पास झाली. त्या रात्री मी अण्णांना व्हिडिओ कॉल करून बोनेटच्या फटीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिला, मग डोळ्यांवर घेऊन पाहिला.

"किती ठेवलीय?"

"दीड सूत, अण्णा."

"हां," ते म्हणाले. "सगळीकडं सारखी दिसतीय." अण्णांकडून याहून मोठं कौतुक मी आयुष्यात ऐकलेलं नाही. त्यांनी केलेल्या टेबलाच्या ड्रॉवरची फटही अशीच सारखी होती, हे तेव्हा कधी बोललो नव्हतो, ते मी त्या रात्री बोललो. ते म्हणाले, "आसूं दे रं, खोक्याच्या तर फळ्या होत्या."

त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, मुदीरांच्या शेवटच्या दिवशी, सकाळी मी गेटच्या बाहेर थांबलो. रिफायनरीपलीकडच्या समुद्रावरून खारट वारा येत होता. डाळिंबी गाडी लांबूनच दिसली. दुसऱ्या सीटवर चाचा होते, इस्त्रीचा शर्ट घातलेले, सोनेरी काठाची टोपी घातलेले. त्यांच्याकडे गेट पास नव्हता, आत जाता येणार नव्हतं, पण गेटपर्यंत गाडीत मीच बसवून आणणार, असा मुदीरांनी हट्ट धरला होता.

शिपायाने कागद पाहिला, वरपासून खालपर्यंत, नियमाप्रमाणे. मग सलाम ठोकला. चाचा उतरले. उतरताना त्यांनी खिशातून सागवानी पट्टी काढली आणि दाराच्या फटीतून एकदा वरून खाली फिरवली. सवयच ती.

भर उन्हात मुदीरांनी दिवे लावले. दोन्ही डोळे एकदम उघडले. त्यांनी काच खाली करून आम्हाला विचारलं, "सूत?"

"माफी!" चाचा ओरडले. अरबीत त्याचा अर्थ 'काही नाही', हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

मुदीरांनी मला बाजूच्या रिकाम्या सीटवर बसायची खूण केली आणि आम्ही गेटातून आत गेलो.